भिंतीकडे तोंड केलेली स्त्री

आँरी मातिस ३ नोव्हेंबर १९५४ रोजी नीस शहरात वारला, तेव्हा रंगांचा बादशहा म्हणून त्याचे नाव जगभर झाले होते. त्याने केलेली चार मोठी उत्थित शिल्पे मात्र फारच थोड्यांच्या नजरेखालून गेली होती, आणि ज्यांना ती ठाऊक होती त्यांच्या हिशेबीही ती तीनच होती. ‘पाठ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मालिकेतली दुसरी पाटी त्याच्या मृत्यूनंतर उजेडात आली आणि मग सगळा क्रम लागला : पहिली १९०८-०९ ची, दुसरी १९१३ ची, तिसरी १९१६-१७ ची आणि चौथी १९३० च्या सुमाराची. प्रत्येक पाटी पुरुषभर उंच, सुमारे १९० सेंटिमीटरची. प्रत्येकीवर तीच विवस्त्र स्त्री भिंतीकडे तोंड करून उभी आहे; डावा हात वर, डोके त्या हाताशी टेकवलेले, उजवा हात खाली सुटलेला. पहिल्या पाटीवर खांद्याचे स्नायू फुगलेले दिसतात, पाठीचा कणा बाकदार वळण घेतो, एका पायावर भार पडल्यामुळे कंबर कलली आहे. दुसरीत हा बाक कमी होतो आणि अंगाला एक राकट घट्टपणा येतो. तिसरीत केसांचा लांबलचक शेपटा डोक्यापासून खाली उतरतो आणि कण्याची जागा घेतो. चौथीत कंबर, नितंब, मांड्या असे वेगळे अवयव जवळजवळ उरतच नाहीत. तीन उभे पट्टे राहतात, मधला केसांचा आणि दोन बाजूंचे शरीराचे. मातिसने दर वेळी आधीच्या पाटीची प्लास्टरमध्ये नक्कल काढली आणि तिच्यावरच खरवडून, कापून, लिंपून पुढची पाटी घडवली. वीसहून अधिक वर्षे चाललेल्या एकाच कामाचे हे चार मुक्काम आहेत.

मातिसच्या अष्टपैलुत्वाचा उल्लेख हमखास होतो. तैलचित्रे, रेखाटने, छापचित्रे, पुस्तकांची सजावट, नृत्यनाट्याचे नेपथ्य, भित्तिचित्रे, रंगीत काचेच्या खिडक्या, धर्मगुरूंचे झगे, कागदाची कातरकामे आणि ऐंशीच्या आसपास शिल्पे, अशी यादी वाचली की वाटते, हा माणूस समोर येईल त्यात हात घालत होता आणि प्रत्येक वेळी त्याला यश येत होते. समजूत सोयीची आहे, पण तिने त्याच्या कामाचा इतिहास उलगडत नाही. तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की लक्षात येते, तो आयुष्यभर एकाच अडचणीशी झुंजत होता. रंगाला पूर्ण मोकळीक द्यायची, छायाप्रकाशाची जुनी क्लृप्ती टाकून द्यायची, आणि तरीही चित्रातल्या माणसाचे वजन, त्याचे उभे राहणे, त्याचे अखंडपण हरवू द्यायचे नाही, ही ती अडचण. ती कॅनव्हासवर सुटेनाशी झाली की तो मातीकडे वळे आणि तिथे जे हाती लागे ते घेऊन पुन्हा कॅनव्हासकडे येई. म्हणून त्याची शिल्पे हा चित्रांमधून उरलेल्या वेळातला उद्योग समजणे चुकीचे ठरते. त्याच्या चित्रांतली मोठी वळणे समजून घ्यायची तर वाट शिल्पांवरूनच जाते.

त्याची सुरुवातच उशिरा झाली. ३१ डिसेंबर १८६९ रोजी उत्तर फ्रान्समधल्या ल कातो-कांब्रेझी या गावी तो जन्मला आणि बोएँ या विणकरांच्या गावात वाढला. वडील धान्य आणि बी-बियाण्यांचे व्यापारी. मुलाने कायदा शिकावा ही त्यांची इच्छा त्याने पाळली, वकिलाच्या कचेरीत कारकुनीही केली. विशीत अपेंडिक्सच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला असताना आईने रंगांची पेटी आणून दिली आणि वकिली कायमची सुटली. पॅरिसमध्ये चित्रकार गुस्ताव्ह मोरोच्या हाताखाली तो शिकला, १८९६ मध्ये त्याचे एक चित्र सरकारने विकतही घेतले. रुळलेल्या वाटेने गेला असता तर बरे चालले असते. पण १८९९ साली, हातात पैसा नसताना, त्याने व्होलार या कलाव्यापाऱ्याकडून सेझानचे ‘स्नान करणाऱ्या तीन स्त्रिया’ हे छोटे चित्र घेतले. त्यापायी पत्नी आमेलीची अंगठी गहाण पडली. त्याच व्यापाऱ्याकडून रोदँने केलेला प्लास्टरचा एक अर्धपुतळाही घरी आला. सेझानचे चित्र मातिसने पुढे ३७ वर्षे, कितीही ओढाताण झाली तरी, विकले नाही आणि १९३६ मध्ये पॅरिस शहराला देऊन टाकले. त्या चित्रातली एक स्त्री आपल्याकडे पाठ करून उभी आहे आणि तिचे शरीर रंगाच्या तुकड्यांनी भिंत रचावी तसे रचलेले आहे. रंगाने शरीर बांधता येते हे सेझान दाखवत होता. कसे बांधायचे ते मातिसला स्वतः शोधायचे होते.

तो शोध त्याने मातीतून सुरू केला. त्याच सुमारास, तिशीला टेकलेला हा चित्रकार संध्याकाळच्या वर्गात जाऊन एका जुन्या शिल्पाची नक्कल करत बसला होता. प्राणिशिल्पांसाठी गाजलेल्या बारीचे ‘ससा खाणारा जग्वार’ त्याने निवडले आणि दोन वर्षे त्यावर घालवली. स्नायूंची जोडणी कळावी म्हणून सोललेल्या मांजराचा अभ्यास केला. डोळे मिटून नुसत्या हाताने आकार चाचपून पाहण्याचा सराव केला असेही सांगतात. तयार झालेल्या कामात बारीचे बारीक तपशील गळून गेले आहेत आणि जनावराचा ताण तेवढा राहिला आहे. त्यापाठोपाठ ‘भूदास’ आला. बेव्हिलाक्वा या इटालियन मॉडेलला उभे करून १९०० पासून तीनेक वर्षे चाललेले हे सुमारे ९२ सेंटिमीटर उंचीचे शिल्प. पाय जमिनीत रोवलेले, पोट पुढे, मान खाली, आणि सगळ्या अंगावर बोटांचे, सुरीचे खडबडीत घाव. आधी त्याला हात होते. ब्राँझमध्ये ओतण्यापूर्वी ते गेले. याच काळात याच मॉडेलचे एक तैलचित्रही मातिसने केले, ते आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. त्यात छाती, मांड्या, खांदे निळ्या-हिरव्या-तपकिरी रंगांच्या सपाट, कोनदार थरांनी बांधले आहेत, जणू सुरीने मातीचे काप काढावेत. एक मॉडेल, एक काळ, एक हात आणि दोन माध्यमे : पुढच्या पन्नास वर्षांची रीत इथे पहिल्यांदा दिसते.

‘भूदास’कडे पाहून रोदँची आठवण येणारच, कारण १९०० च्या पॅरिसमध्ये शिल्प म्हणजे रोदँ असाच हिशेब होता. मातिस त्याच्याकडे आपली रेखाटने घेऊन गेलाही होता. फारसे उत्तेजन मिळाले नाही, तेव्हा तो शिल्पकार बूर्देलच्या मार्गदर्शनाकडे वळला. पण दोघांतला खरा फरक स्वभावाचा नसून पद्धतीचा होता. रोदँ हात, पाय, धड वेगवेगळे घडवून साठवत असे आणि मग त्यांच्या जुळण्या करत असे. त्यातूनच त्याला विलक्षण नाट्य सापडले. मातिसने पुढे आठवण सांगितली की हात वेगळा करून मग दंडाला बसवायचा ही कल्पनाच त्याच्या पचनी पडली नव्हती. त्याला आधी सगळे शरीर एका घडणीत दिसायला हवे होते, तपशील नंतर, आणि जमल्यास नाहीच. आपल्या विद्यार्थ्यांनाही १९०८ मध्ये तो हेच सांगत होता : अवयव एकमेकांवर उभे राहिले पाहिजेत, सगळे अंग इमारतीसारखे तोलले गेले पाहिजे. चित्रकाराला रंग मिसळायला शिकवणारे पुष्कळ असतात. तपशिलाचा मोह टाकून संपूर्णाकडे पाहायला मातिस शिकला तो मातीत.

मग १९०५ चा उन्हाळा आला. भूमध्य समुद्राकाठच्या कोलियूर गावी आंद्रे देरँबरोबर काम करताना मातिसने सावल्या हिरव्या केल्या, झाडांची खोडे लाल केली, वस्तूंचा स्थानिक रंग सोडून दिला. त्या शरदात पॅरिसच्या ‘सालों दोतोन’ या प्रदर्शनाच्या एका दालनात ही चित्रे लागली. दालनाच्या मधोमध आल्बेर मार्कची जुन्या इटालियन वळणाची शिल्पे मांडली होती. ती पाहून लुई व्होसेल या समीक्षकाला हिंस्र श्वापदांच्या गराड्यात सापडलेल्या दोनातेल्लोची आठवण झाली आणि ‘फोव्ह’ हे नाव गटाला कायमचे चिकटले. मराठीत त्या संप्रदायाला रंगभारवाद म्हणतात. ‘टोपी घातलेली स्त्री’ या चित्राची प्रेक्षकांनी टर उडवली, तरी कलासंग्राहक स्टाइन कुटुंबाने ते ५०० फ्रँकना घेतले. इतिहासाची पुस्तके सहसा इथे विजयाची तुतारी वाजवून पुढे जातात. मातिससाठी मात्र इथे नवे संकट उभे राहिले होते. पाश्चात्त्य चित्रकला चारशे वर्षे शरीराला गोलाई देत आली ती उजेडाकडून अंधाराकडे जाणाऱ्या छटांनी. त्या छटा काढून टाकल्या, चेहऱ्याच्या मधोमध सरळ हिरवा पट्टा ओढला, तर चेहरा टिकतो खरा, पण आडवे पडलेले, वजनदार संपूर्ण शरीर कसे टिकवायचे? ‘जगण्याचा आनंद’ या १९०५-०६ च्या मोठ्या चित्रात शरीरे वेलबुट्टीसारखी हलकी झाली आहेत. रंगाने मोकळीक मिळवली होती, पण तिची किंमत शरीराने मोजली होती.

या अडचणीचे उत्तर १९०७ च्या आरंभी एका अपघातातून आले. मातिस कोलियूरमध्ये ओल्या मातीत एक आडवी पहुडलेली स्त्री घडवत होता : एक हात डोक्यावरून वळलेला, कंबर उंच उचललेली, धड एका दिशेला आणि मांड्या दुसऱ्या दिशेला पिळलेल्या. काही महिन्यांपूर्वीच त्याने पॅरिसच्या एका दुकानातून काँगोकडची व्हिली लोकांची एक छोटी लाकडी मूर्ती घेतली होती आणि स्टाइनच्या घरी ती पिकासोला दाखवली होती. शरीराची मापे डोळ्याला दिसतात तशीच ठेवायची सक्ती नाही हे त्या मूर्तीत उघड होते. काम चालू असताना मातीचे शिल्प पडले आणि मोडले. वैतागलेल्या मातिसने तीच आकृती कॅनव्हासवर घेतली आणि त्यातून ‘निळी विवस्त्रा’ तयार झाली, आज बाल्टिमोरच्या संग्रहालयात असलेली. हे चित्र जवळून पाहिले तर कंबरेभोवती, दंडाभोवती आधीच्या रेषांचे माग निळ्या धुरासारखे राहिलेले दिसतात. रेषा कुठे थांबवायची ते ठरवताना आकार आत-बाहेर सरकवला आहे, मातीचा गोळा दाबून पाहावा तसा. निळा रंग इथे सावलीची नक्कल करत नाही, तो शरीराला आतून पिळतो. चित्र झाल्यावर मातिस पुन्हा मोडलेल्या शिल्पाकडे गेला आणि ते पूर्ण केले. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या फिरत्या प्रदर्शनात हे चित्र शिकागोला गेले तेव्हा तिथल्या कलाविद्यार्थ्यांनी मातिसच्या चित्रांच्या नकला जाळल्या. रंगांपेक्षा त्यांना या शरीराचाच जास्त राग आला असणार.

एखादा अभ्यासक म्हणेल, शिल्प मोडले हा योगायोग. एका अपघातावरून सिद्धांत उभा करू नये. आक्षेप योग्य आहे, आणि पुरावा तेवढाच असता तर तो मान्यही करावा लागला असता. पण मातिसने त्या पहुडलेल्या स्त्रीला पुढे सोडलेच नाही. फुलदाणीशेजारी, सोनेरी माशांच्या काचपात्राशेजारी ती त्याच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येते, कधी गुलाबी, कधी तांबूस, कधी जिवंत स्त्री वाटावी अशी. १९११ च्या ‘लाल स्टुडिओ’त तर त्याने भिंती, जमीन, टेबल, घड्याळ सगळे एका लाल रंगात बुडवले, त्या पुरात फक्त त्याच्या स्वतःच्या कलाकृती आपापले रंग राखून आहेत, आणि त्यांत चित्रांसोबत तीन शिल्पेही आहेत. स्वतःच्या कामाचा हा जमाखर्च मांडताना त्याने शिल्पांना अडगळीत टाकले नाही. न्यूयॉर्कच्या ‘२९१’ दालनात १९१२ मध्ये त्याचे प्रदर्शन झाले तेही मुख्यतः शिल्पांचे होते. निर्मितीचा हिशेबही हेच सांगतो : त्याच्या एकूण शिल्पांपैकी निम्म्याहून अधिक १९०० ते १९१० या दशकातली आहेत, म्हणजे नेमकी त्या काळातली, जेव्हा तो चित्रकलेची जुनी घडी मोडत होता.

सर्वांत भक्कम पुरावा ‘पाठ’ मालिकेच्या तारखांतच आहे. ‘नदीकाठच्या स्नानकर्त्या’ हे जवळजवळ चार मीटर रुंद चित्र, जे आज शिकागोत आहे, मातिसने १९०९ मध्ये रशियन संग्राहक शूकिनसाठी योजले. शूकिनने ‘नृत्य’ आणि ‘संगीत’ घेतले, हे राहिले. मग १९१३ मध्ये मातिसने ते पुन्हा हाती घेतले, १९१६-१७ मध्ये पुन्हा. ‘पाठ’च्या पहिल्या तीन पाट्यांच्या तारखा जवळजवळ याच आहेत. शिकागो आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या चित्राचे खालचे थर तपासले आणि २०१० मध्ये त्यावर मोठे प्रदर्शन मांडले. आधी निसर्गरम्य काठावरच्या गोलाईदार गुलाबी स्त्रिया होत्या. मग त्या करड्या, कोनदार झाल्या. शेवटी चार आकृती हिरव्या, काळ्या, पांढऱ्या उभ्या पट्ट्यांसमोर खांबांसारख्या उभ्या राहिल्या. पाठमोऱ्या स्त्रीचे शरीरही त्याच टप्प्यांनी, त्याच क्रमाने खांब झाले. इसी-ले-मुलिनोच्या स्टुडिओत ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या हाताखाली होती. त्या वर्षांत बाहेर काय चालले होते हेही विसरता येत नाही. पहिले महायुद्ध पेटले होते आणि ४४ वर्षांच्या मातिसला सैन्याने नाकारले होते. त्याचे गाव जर्मनांच्या ताब्यात, आई तिथे अडकलेली, भाऊ कैदेत. चित्रातली नदी आटली, गुलाबी रंग गेला, पायथ्याशी पांढरा साप आला. याच वर्षांत ‘झानेत’ या स्त्रीच्या मस्तकाच्या पाच शिल्पांची मालिका पूर्ण झाली. पहिल्यात ओळखीची शेजारीण आहे, पाचव्यात एक डोळा जवळपास पुसलेला, कपाळ आणि नाक एका फुगीर आकारात मिसळलेले. माणूस ओळखता येण्याच्या पलीकडे किती जाऊ शकतो, आणि तरी माणूस राहतो, याची ही परीक्षा होती.

इथे मातिसच आपल्या विरुद्ध साक्ष देतो असे वाटेल. त्याने स्वतःच सांगितले आहे की आपण शिल्प चित्रकार म्हणून केले. रंगवून थकल्यावर विसावा म्हणून, विचारांना शिस्त लागावी म्हणून माती हाती घेतली. म्हणजे शिल्प दुय्यमच ठरले की! पण त्या कबुलीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. चित्रात जेवढे करता येईल तेवढे करून झाले, पुढचे दिसेना, तेव्हा तो मातीकडे जाई. जिथे माणूस आपल्या विचारांना शिस्त लावतो ती जागा दुय्यम कशी? दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पिकासोने १९१२ मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे जोडून गिटार केली आणि शिल्पकलेचा मार्गच बदलला. त्याच्या पुढे ओली माती चाचपत बसलेला मातिस जुनाट दिसतो. साहित्यापुरते हे खरे आहे. मातिसने लोखंड जोडले नाही, सापडलेल्या वस्तू चिकटवल्या नाहीत. पण ‘पाठ’ आणि ‘झानेत’मध्ये त्याने जे केले तेही शिल्पकलेत नवे होते : एक शिल्प म्हणजे अंतिम निकाल नव्हे, तेच शिल्प पुढच्याचा कच्चा माल होऊ शकते, आणि टप्पे हेच काम असू शकते. चित्रांतही हीच सवय त्याने पुढे उघडपणे पाळली. १९३५ च्या ‘गुलाबी विवस्त्रा’च्या २२ अवस्थांचे फोटो काढून त्याने ते बाल्टिमोरच्या कलासंग्राहक एट्टा कोनला पाठवले, त्या चित्राच्या वेळी तो कागदाचे कापलेले तुकडे कॅनव्हासवर टाचून आकार सरकवत होता.

मातिसवरचा सर्वांत जुना आरोप आरामखुर्चीचा आहे. १९०८ च्या डिसेंबरात छापलेल्या आपल्या टिपणांत त्याने लिहिले की दमलेल्या डोक्याला चांगल्या आरामखुर्चीसारखा विसावा देणारी कला आपल्याला हवी आहे. १९१७ च्या अखेरीस तो नीसला गेला, पडदे, गालिचे, आडव्या झालेल्या ओडालिस्क म्हणजे जनानखान्यातल्या स्त्रिया रंगवू लागला, आणि टीकाकारांनी ते वाक्य त्याच्याच तोंडावर फेकले. विसाच्या दशकातली पुष्कळ चित्रे गोड आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. सावल्याही परतल्या, आणि वसाहतींच्या पूर्वेकडे पाहणारी फ्रेंच नजर त्यांत आहेच. पण त्याच दशकात नीसच्या कलाशाळेत ठेवलेल्या मायकेलअँजेलोच्या शिल्पांच्या प्लास्टर नकलांपुढे बसून तो रेखाटने करत होता, आणि ‘बसलेली मोठी विवस्त्रा’ हे शिल्प १९२२ पासून १९२९ पर्यंत, सात वर्षे, घासत होता. ती बाई गालिच्यावरच्या ओडालिस्कसारखीच मागे रेलली आहे, पण तिच्यात आराम नाही; मागे पडणारे धड आणि दुमडलेला पाय एकमेकांना ओढून धरतात. चित्रांतून गेलेला ताण शिल्पात जिवंत ठेवला होता. म्हणूनच १९३० च्या सुमारास चौथी ‘पाठ’ घडली, आणि त्याच काळात अमेरिकेतल्या बार्न्स या संग्राहकाने तीन कमानींखालच्या भिंतीसाठी ‘नृत्य’ मागितले तेव्हा मातिस एका झटक्यात पुन्हा सपाट, भव्य आकारांकडे जाऊ शकला. मापात चूक झाली, पूर्ण झालेले भित्तिचित्र बाजूला ठेवून सगळे नव्याने करावे लागले. १९३३ मध्ये ते बसले. आकार ठरवायला त्याने रंगवलेले कागद कापून भिंतीवर टाचले होते. कात्री पहिल्यांदा गंभीरपणे हातात आली ती इथे.

जानेवारी १९४१ मध्ये लियोंला आतड्याच्या कर्करोगावर मोठी शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण उभे राहून तासन्‌तास काम करणे संपले. दुसऱ्या महायुद्धाची झळ घरापर्यंत आली. १९४४ मध्ये आमेली आणि मुलगी मार्गरीत यांना प्रतिकारलढ्यातल्या कामासाठी अटक झाली, मार्गरीतचा छळ झाला. या काळात अंथरुणात किंवा चाकांच्या खुर्चीत बसून मातिस कात्री चालवत होता. साहाय्यक कागदावर ग्वाश या अपारदर्शक जलरंगाचा सपाट थर देत, तो कापत असे, आणि त्याच्या सांगण्यावरून तुकडे भिंतीवर टाचले, हलवले, पुन्हा टाचले जात. ‘जॅझ’ या १९४७ च्या पुस्तकात त्याने स्वतः नोंदवले की रंगात थेट कात्री घालताना दगडात थेट कोरणाऱ्या शिल्पकाराची आठवण होते. ही कबुली सहज आलेली नाही. चित्रकार आधी रेषा काढतो आणि मग तिच्यात रंग भरतो. दोन क्रिया, आणि दोघींत कायमची कुरबुर. कात्री जिथून जाते तिथे कड तयार होते आणि त्याच क्षणी रंगाचा वस्तुमानासारखा तुकडा सुटतो. १९५२ च्या चार ‘निळ्या विवस्त्रा’ पाहाव्यात. त्यांतली चौथ्या क्रमांकाची सर्वांत आधी सुरू झाली आणि तिच्यावर बराच वेळ गेला. कोळशाच्या रेघा, जोडलेले कागदाचे छोटे तुकडे, दुरुस्त्या सगळे दिसते. डोक्यामागे वळलेला हात १९०७ च्या मातीतून आलेला आहे. मांडी आणि पोटरी यांच्यात सोडलेली पांढरी फट सावलीचे काम करते, एकही छटा न वापरता. सपाट निळा कागद आणि तरी बसलेले, वजनदार शरीर. १९०५ मध्ये रंग मोकळा करताना जे निसटले होते ते इथे परत मिळाले.

हे ध्यानात घेतले की व्हाँसचे रोझरी चॅपेलही म्हातारपणीच्या हौसेचा प्रकार वाटत नाही. आजारपणात त्याची शुश्रूषा केलेली तरुणी पुढे सिस्टर झाक-मारी झाली; तिच्या आग्रहातून १९४७ मध्ये सुरू झालेले हे काम २५ जून १९५१ रोजी पूर्ण होऊन चॅपेलचे पवित्रीकरण झाले. धर्माशी फारकत घेतलेल्या माणसाने चॅपेल बांधावे हे पिकासोला खटकले आणि त्याने ते बोलूनही दाखवले. मातिससाठी प्रश्न श्रद्धेपेक्षा मांडणीचा होता. एका भिंतीवर पिवळ्या, हिरव्या, निळ्या काचा. समोर पांढऱ्या चकचकीत फरश्यांवर बांबूच्या टोकाला बांधलेल्या कुंचल्याच्या सरावातून आलेली काळी रेषा. वेदीवर ब्राँझचा क्रूस. धर्मगुरूच्या अंगावर कातरकामातून काढलेल्या नक्षीचे झगे. दुपारी काचांतून आलेला उजेड त्या काळ्या रेषांवर पडतो तेव्हा रंग खिडकीत राहत नाही, खोलीत उतरतो. इथे चित्र कुठे संपते आणि शिल्प कुठे सुरू होते हे विचारण्यात हशील नाही, कारण पाहणारा माणूसच त्या घडणीच्या आत उभा असतो.

संग्रहालये चित्रे एका दालनात लावतात आणि शिल्पे दुसऱ्या दालनात, अभ्यासकही वेगवेगळे. मातिसच्या बाबतीत या सोयीने मोठे नुकसान केले आहे. त्याची चित्रे एकटी पाहिली तर तो रंगांचा भाग्यवान, सुखासीन मालक वाटतो, आणि शिल्पे एकटी पाहिली तर रोदँ आणि ब्राँकुसी यांच्यामधला एक चांगला पण दुसऱ्या फळीतला शिल्पकार. दोन्ही निकाल अर्ध्या पुराव्यावर दिलेले आहेत. तारखांप्रमाणे दोन्ही शेजारी ठेवली की सुखासीन माणसाच्या जागी एक चिवट, शंकेखोर, स्वतःचेच काम खरवडणारा कारागीर दिसू लागतो, ज्याने पन्नास वर्षांत एका प्रश्नासाठी साधने बदलली पण प्रश्न बदलला नाही. अष्टपैलू हा शब्द त्याला शोभतो तो एवढ्याच अर्थाने. अनेक कलांत गती असलेले लोक प्रत्येक पिढीत असतात. एका कलेत अडल्यावर दुसरीत शिरून, तिथे विद्यार्थ्यासारखे बसून, मिळालेले उत्तर पहिलीच्या पदरात टाकणारे थोडे. मातिसचे रंग आजही ताजे वाटतात यामागे रंगांची निवड जेवढी आहे तेवढीच त्या रंगांखाली मातीने घडवलेली शरीराची समज आहे, आणि ती समज वगळून त्याच्या चित्रांची केलेली वाहवा अर्धवटच राहते.